‘डोकं नाही’ म्हणणाऱ्यांना परळचा इतिहास काय सांगतो?



लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका बुद्धविहारात आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही. सतरंजी, एक फळा आणि पंधरा-वीस माणसं. त्यातल्या तिघांबद्दल आधी सांगतो, कारण हा लेख त्यांच्यामुळेच लिहायला घेतला.

एक काका आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. वडील गिरणीत होते, हे सिक्युरिटी गार्ड. काचेच्या इमारतीच्या दारावर वीस वर्षं उभं राहून काका इंग्रजी बोलायला शिकले. व्याकरण मोडतं, पण समोरच्या साहेबाला काय हवं ते कळतं आणि आपलं म्हणणं त्याला समजावताही येतं. मात्र अर्जाचा कागद समोर ठेवला की काका चष्मा शोधायचं निमित्त करतात. दुसऱ्या एक ताई. मराठीत एम.ए. इंग्रजी वाक्य लिहिलं तर चूक शोधून सापडणार नाही. पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. तिसरा तेवीस वर्षांचा पोरगा. मोबाईलवर व्हिडिओ बघून उच्चार कमावलेत, ऐकणाऱ्याला वाटावं कॉन्व्हेंटचा आहे. चार ओळींचा ईमेल लिहायला सांगा, तासभर बसेल.

आता सांगा, या तिघांत हुशार कोण आणि ढ कोण?

ताईंच्या बाबतीत हा निकाल एका ऑफिसने दहा मिनिटांत दिला होता. मुलाखतीत दोन वाक्यं अडखळत गेली. समोरचा माणूस हसत शेजारच्याला म्हणाला, यांना डिग्र्या मिळतात, डोकं कुठून आणणार? ताई पुढचे तीन रविवार वर्गाला आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आल्या आणि म्हणाल्या, "खरंच आपल्याला भाषेचं डोकं नसतं का हो?"

या प्रश्नात ‘मला’ नाही, ‘आपल्याला’ आहे, इकडे लक्ष द्या. एका माणसाला एका दिवशी एका खोलीत बोलता आलं नाही आणि त्याचं माप संपूर्ण समाजाच्या डोक्याला लावलं गेलं. लावणाऱ्याने लावलं, आणि आपणही ते लावून घेतलं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

माणसामाणसांत फरक असतो, हे आम्ही नाकारत नाही

काही कार्यकर्ते उत्साहात म्हणतात, सगळे सारखेच शिकतात, फरक वगैरे मनुवादी कल्पना आहे. हे चूक आहे. वर्गात एक महिना बसलात तरी दिसेल की एकाला शब्द चटकन लक्षात राहतात, दुसऱ्याला नाही. कुणी चूक करत बिनधास्त बोलतो, कुणी वाक्य मनात दहा वेळा घोळवतो. वयाने मोठी झालेली माणसं दुसरी भाषा शिकताना एकमेकांपेक्षा फार वेगळ्या गतीने आणि फार वेगळ्या वाटांनी शिकतात. या व्यक्तिभेदांचा जगात साठ-सत्तर वर्षं कसून अभ्यास झाला आहे.

फरक मान्य करायला आपण घाबरायचं कारण नाही, कारण फरक सर्वांत आधी जातीने नाकारला. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिलं आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे जे पुस्तक म्हणून छापावं लागलं, ते ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ पुन्हा काढून वाचा. चातुर्वर्ण्यावरचा त्यांचा एक मोठा आक्षेप असा आहे की ते माणसांना मोजक्या खणांत कोंबतं. प्लेटोनेही माणसांचे तीन वर्ग पाडले, त्यालाही बाबासाहेब हाच दोष देतात. प्रत्येक माणूस स्वतःसारखा एकटाच असतो, त्याच्यातल्या गुणांची सरमिसळ दुसऱ्या कुणासारखी नसते, हे या विभागण्यांना दिसतच नाही.

म्हणजे ‘यांना भाषेचं डोकं नसतं’ म्हणणारा माणूस व्यक्तिभेद मानत नाही, तो व्यक्तीच मानत नाही. त्याच्यापुढे ताई बसलेल्या नव्हत्या, एक आडनाव बसलं होतं.

त्याच पुस्तकात बाबासाहेब पुढे विचारतात, माणसाची कुवत कशाने ठरते? ते तीन गोष्टी सांगतात: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची निगा, शिक्षण, साठवलेलं ज्ञान, आणि तिसरी, माणसाचे स्वतःचे प्रयत्न. या तिन्ही बाबतीत माणसं असमान असतात हे ते सरळ कबूल करतात. मग त्यांचा सवाल येतो. प्रयत्नांतल्या फरकामुळे माणसाला वेगळं वागवलं तर एक वेळ समजू शकतं. पण पहिल्या दोन गोष्टींतल्या फरकासाठी वेगळं वागवलं, तर ज्याच्या घरात आधीच सगळं आहे तोच शर्यत जिंकणार, हे उघड आहे. समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त काम हवं असेल तर सुरुवात होतानाच त्यांना शक्य तितकं समान करावं लागेल.

हे तीन धागे हातात घेऊन आता परळच्या चाळींत शिरू या.

डबक चाळीतली एक खोली

सुभेदार रामजी सकपाळ १९०४ च्या सुमारास कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. रामजी स्वतः लष्करातले. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेतलं आणि लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक झाले. जो समाज गावात शाळेच्या पायरीवर चढू शकत नव्हता, त्यातल्याच माणसांनी पलटणीत अक्षरं आणि इंग्रजी मिळवली. डोकं तेच होतं, फक्त दार उघडलं गेलं होतं. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली आणि ते दारही लागलं.

रामजींनी भीमरावांना इंग्रजी कसं शिकवलं? हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, पुन्हा पुन्हा. आजचे स्पोकन इंग्लिशवाले या पद्धतीला नाकं मुरडतील. या मुलाला ती लागू पडली, कारण घरात मराठी पक्की होती आणि शिकवणारा बाप रोज समोर होता.

पण त्या खोलीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुस्तक नव्हती. सगळं कुटुंब, सामान, चूल, जळण एकाच खोलीत. अभ्यासाला जागा नाही की शांतता नाही. म्हणून मुलाने लवकर झोपायचं, बापाने जागं राहायचं आणि रात्री दोन वाजता मुलाला उठवून स्वतः झोपायचं. जागा वाढवता येत नव्हती, तेव्हा रामजींनी वेळ कापून आणला. पुस्तकांसाठी पैसे नसले की लेकींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. मार्क ७५० पैकी २८२. हा आकडा पाठ करून ठेवा. आजच्या एखाद्या गुणवत्तावाल्यापुढे नाव झाकून तो ठेवला तर तो म्हणेल, या मुलाला शिकवण्यात अर्थ नाही. सोळा वर्षांनी याच मुलाने रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. मार्कांनी त्या दिवसाची परिस्थिती मोजली होती, माणूस मोजला नव्हता.

यात आणखी एक माणूस आहे. गिरगावच्या बाजूला चर्नी रोडची बाग आहे. तिथे वाचत बसणाऱ्या या पोराला विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी पाहिलं, विचारपूस केली आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली. मॅट्रिकच्या सत्काराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बागेतल्या त्या बाकावर एका शिकणाऱ्याला वाचायला पुस्तक आणि बोलायला माणूस मिळाला. बाबासाहेब ज्याला सामाजिक वारसा म्हणतात, तो कधी कधी असा एका शिक्षकाच्या रूपाने येतो. गिरगावातल्या इतर मुलांच्या घरात तो वारसा रोज जेवणाच्या ताटाबरोबर मिळत होता, एवढाच फरक.

मोठेपणी शिकलेल्या भाषा

बाबासाहेब इंग्रजी लहानपणी शिकले, मग मोठ्यांच्या शिकण्याशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा की त्यांनी इतर कितीतरी भाषा मोठेपणी शिकल्या. शाळेत संस्कृत शिकायचं होतं, जातीमुळे शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलं. १९२१ साली जर्मनीच्या बॉन विद्यापीठाला त्यांनी जे पत्र लिहिलं ते जर्मन भाषेत होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात पाली इतकी शिकले की पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करण्यापर्यंत गेले. ते काम महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापलेलं आहे.

आणि महात्मा फुले? मधे शाळा सुटली, शेतात काम केलं आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, १८४१ मध्ये, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा नाव घातलं. त्याच इंग्रजीच्या जोरावर थॉमस पेन वाचला. १८५५ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसाला शिकता येतं यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो शिकणार असेल तर रात्रीच शिकणार हेही त्यांना ठाऊक होतं.

‘आता या वयात भाषा येत नाही’ हा समज तपासून झालेला आहे. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-हूले या दोन संशोधिकांनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच शिकताना सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत लहान मुलांपेक्षा किशोरवयीन आणि मोठी माणसं पुढे होती. लहान मुलं नंतर बरोबरी गाठतात, आणि उच्चार अस्सल होण्यात लहानपणाचा फायदा असतो हे खरंच आहे. पण अस्सल उच्चार नसला म्हणून कोर्टाचा आदेश वाचता येत नाही की काय?

रिंग खात्याची गोष्ट

आता गिरणीत चला. परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धोटा महाराच्या तोंडाला लागला तर इतरांना विटाळ. म्हणून जास्त मजुरीचं विणकाम त्यांना बंद आणि कमी मजुरीचं रिंग खातं त्यांच्या वाट्याला. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचा जाब विचारला.

यात शिकण्याचा मुद्दा असा. शंभर माणसांत कुणाची बोटं विणकामाला चांगली, कुणाची नजर तेज, हे व्यक्तिभेद असणारच. पण ते कधी तपासलेच गेले नाहीत, कारण मागापाशी उभंच राहू दिलं नाही. पुढच्या पिढीला मात्र सांगितलं गेलं की विणकाम तुमच्या रक्तात नाही. आधी दार बंद करायचं आणि मग बाहेरच्याला म्हणायचं, तुला आत यायची अक्कल नाही. ताईंच्या मुलाखतीत हेच झालं. धोट्याच्या जागी इंग्रजी आलं.

कुवत म्हणजे लागणारा वेळ

अमेरिकेत जॉन कॅरोल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. भाषा शिकण्याची उपजत कुवत मोजायची प्रसिद्ध चाचणी त्याने आणि स्टॅन्ले सॅपन यांनी १९५९ मध्ये तयार केली. म्हणजे हा माणूस ‘डोक्याचा’ तज्ज्ञ. त्याने १९६३ मध्ये शिकण्याबद्दल जो सिद्धांत मांडला तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे. तो म्हणतो, कुवत म्हणजे एखादी गोष्ट शिकायला माणसाला लागणारा वेळ. एकाला दहा तास लागतील, दुसऱ्याला तीस. तीस तास लागणाऱ्याला तीस तास दिले, नीट शिकवलं आणि त्याने चिकाटी धरली, तर तोही तिथे पोचतो. दहाच तास दिले तर तो नापास होतो आणि आपण म्हणतो, डोकं नाही.

मग खरा प्रश्न उरतो: वेळ कुणाकडे आहे?

गिरणी कामगाराकडे होता का? पाळी बदलली की रात्रशाळा बुडाली. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी येणार, तो आठ वाजताच्या वर्गाला बसणार कसा? एका खोलीत दहा-दहा माणसं पाळीपाळीने झोपायची. त्यातही बाईचा वेळ कुणी मोजलाच नाही. नळाचं पाणी भरणं, स्वयंपाक, पोरं, आणि मग उरलं तर स्वतःसाठी काही. आमच्या वर्गातल्या बायका अर्ध्या तासाने उशिरा येतात आणि अर्धा तास आधी उठतात, आणि तरी आम्हीच कधी कधी म्हणतो, यांना रस नाही!

या शहरात वेळेचा प्रश्न ओळखणारी माणसं होऊन गेली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. तिच्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलावलेली सभा झाली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासमंडळं हे तिच्या उद्देशांत होतं. उद्देश वाचताना कळतं की हा माणूस पोयबावडीच्या बीआयटी चाळीत पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत राहत होता. अभ्यासाला जागा, पुस्तक आणि वेळ नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली आणि २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणारा माणूस वर्ग करून कामावर जाऊ शकेल. हा निर्णय नीट समजून घ्या. रामजींनी एका मुलासाठी रात्री दोन वाजता जे केलं, तेच बाबासाहेबांनी हजारो माणसांसाठी कॉलेजच्या वेळापत्रकात केलं. कारकून, गोदीतले, रेल्वेतले, महापालिकेतले लोक कॉलेजात बसू लागले. फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींच्या जिन्यांवरून किती पिढ्या चढल्या, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

त्यांच्यापैकी अनेकांचं इंग्रजी कच्चं होतं आणि त्याचं कारणही डोक्यात नव्हतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात सरकारी धोरणाने इंग्रजी आठवीपासून आलं. ज्यांच्या घरी इंग्रजी होतं त्यांचं काही बिघडलं नाही. वडील, शिकवणी, पुस्तकं होतीच. ज्यांच्या घरातली शिकणारी पहिली पिढी होती, ती पोरं तीन-चार वर्षांच्या इंग्रजीवर मॅट्रिकला आणि नंतर इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जाऊन पडली. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी यायला २००० साल उजाडलं. मधल्या पन्नास वर्षांचं कर्ज आपल्या दोन पिढ्यांनी मोठेपणी, नोकरी सांभाळून, रात्री जागून फेडलं.

आणि १८ जानेवारी १९८२ नंतर? संप झाला, गिरण्या मोडल्या, जमिनी विकल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली. ज्या आवारात बाप मराठीत काम करत होता, त्याच आवारात मुलाला दारावर उभं राहायलाही इंग्रजी लागू लागलं. भोंगा बंद झाला आणि इंग्रजी सुरू झालं. आमच्या वर्गातले काका या इतिहासाच्या त्या टोकाला उभे आहेत.

भीती कुठून येते

व्यक्तिभेदांच्या अभ्यासात भीतीला मोठी जागा आहे. १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकतानाची भीती मोजायला तेहतीस विधानांची प्रश्नावली केली. गणितात, इतिहासात न घाबरणारा माणूस भाषेच्या वर्गात घाबरतो, कारण तिथे सगळ्यांदेखत तोंड उघडावं लागतं आणि आपण आहोत त्यापेक्षा बावळट दिसतो.

हे खरं आहे, पण आपल्याकडे यात एक भर घातली पाहिजे. सदाशिव पेठेतला मुलगा चुकला तर तो मुलगा चुकतो. आपला चुकला तर समाज चुकतो, आरक्षण चुकतं, बाबासाहेब चुकतात! एवढं ओझं जिभेवर घेऊन कोण धडाधड बोलेल? कॅनडात आलेल्या स्थलांतरित बायकांचा अभ्यास करून बॉनी नॉर्टन हिने १९९५ मध्ये दाखवलं की बाई बोलत नाही याचा अर्थ तिला इच्छा नाही असा होत नाही. तिच्या बोलण्याला समोरचा किंमत देतो का, यावर तिचं तोंड उघडणं ठरतं. ताईंचं इंग्रजी आमच्या सतरंजीवर आणि त्या ऑफिसात एकच होतं. ऐकणारा बदलला, म्हणून ते अडलं.

नवा चातुर्वर्ण्य नको

आता स्वतःकडे बघू. आपल्यातही दोन चुका होत आहेत.

पहिली चूक म्हणजे शिक्के. कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये ऐकून आपले शिक्षक सांगू लागलेत की हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, ती हाताने करून शिकणारी. प्रत्येकाला त्याच्याच पद्धतीने शिकवा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी या समजाचे पुरावे तपासले आणि शिक्का मारून तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही, असं सांगितलं. आपल्याला तर हे आधीच कळायला हवं होतं. माणसाला तीन-चार खणांत टाकून त्याचं शिक्षण ठरवायचं, हे कुठे वाचलंय आपण? माणूस बघतोही, ऐकतोही, करतोही. काकांना वाचायला शिकवायचं आहे आणि ताईंना बोलायला. जे येत नाही ते शिकवायचं असतं. ‘तुमचा पिंडच तसा’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

दुसरी चूक जास्त दुखरी आहे. आपल्यातले जे पुढे गेले, ते इंग्रजी आपल्याच माणसांवर उगारतात. मीटिंगमध्ये मराठी बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या इंग्रजी शब्दाला हसणारे साहेब आपल्यातच आहेत. १८ मार्च १९५६ ला आग्ऱ्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती, ती आपण दर जयंतीला ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

काही मित्र म्हणतात, इंग्रजीला देवीच माना. उत्तर प्रदेशातल्या बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचं कामही सुरू झालं. त्यामागची तळमळ आम्हाला कळते. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असं कळवळून सांगितलं होतं. पण देवी म्हटलं की भक्त आला, कृपा आली आणि कृपा झाली नाही तर पूर्वजन्मीचं पाप आलं. आम्हाला हत्यार हवं आहे, देव्हारा नको. हत्याराला धार लावायला वेळ लागतो, कुणाला कमी, कुणाला जास्त, एवढंच.

मग करायचं काय?

आमच्या चुकांतून जे शिकलो ते सांगतो. वर्गाची वेळ शिकवणाऱ्याच्या सोयीने ठरवू नका. वस्तीतल्या माणसांच्या ड्युटीप्रमाणे ठरवा, हवं तर त्याच धड्याचे दोन वर्ग घ्या. आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: इंग्रजी कशासाठी हवंय, आजवर कुठे अडलात आणि आठवड्यात किती तास स्वतःचे आहेत? पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे बाक पाडू नका. मराठी वापरायला लाजू नका. भाषांतर पाठमालेवर शिकलेला माणूस जगाला माहीत आहे. बँकेचा फॉर्म, माहिती अधिकाराचं उत्तर, भाडेकराराचा कागद, पुनर्विकासाची नोटीस, हीच पुस्तकं करा. चूक दुरुस्त करा, पण हसणाऱ्याला वर्गाबाहेर बसवा. एकाला जे येतं ते त्याने दुसऱ्याला द्यावं: काकांनी ताईंना बोलतं करावं, ताईंनी पोराचा ईमेल तपासावा, पोराने काकांना अक्षरं वाचून दाखवावीत.

आम्ही गेल्या वर्षी हेच केलं. काकांनी परवा चाळीच्या पुनर्विकासाची इंग्रजी नोटीस उभं राहून वाचली. पाच ओळींना पंधरा मिनिटं लागली. कुणी मधे बोललं नाही. ताई अजून मुलाखतीला गेलेल्या नाहीत, जातील तेव्हा जातील. पण आता त्या वर्गाची दुसरी बॅच शिकवतात आणि फळ्यासमोर उभं राहून इंग्रजीत बोलतात.

त्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही ताईंना तेव्हा नीट देऊ शकलो नव्हतो, आज देतो. ताई, डोकं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि प्रत्येकाला असतं. आपल्याकडून काढून घेतली गेली ती जागा, पुस्तकं, ऐकणारा माणूस आणि वेळ. रात्री दोन वाजता उठवणारा बाप प्रत्येकाच्या घरात नसतो. म्हणून तो बाप आता चळवळीने व्हायचं आहे.

तुमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी दिवा लागतो ना? मग पुढच्या रविवारपासून तिथे फळा टांगा.

जयभीम!